मुळेवहिनींचा डबा

भांड्यांवर नावं घालण्यात माझी चाळीस वर्षं गेली. गोदावरीकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात ‘अंदुरे स्टील सेंटर’ म्हणजे मी, श्रीधर अंदुरे. लग्न असो, मुंज असो की वास्तुशांत, ताटवाट्या माझ्या दुकानातून जायच्या आणि जाण्याआधी माझ्या हातातल्या मशीनखालून जायच्या. टर्रर्र करत सुई फिरायची आणि स्टीलवर देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं नाव उमटायचं. पंगतीत हरवलेलं पातेलं दहा वर्षांनीसुद्धा मालकाच्या घरी परत जायचं ते त्या नावामुळे. म्हणून टॅगचं युग आलं तेव्हा गावातले लोक चकित झाले, मी झालो नाही. हेही नाव घालणंच होतं. फक्त ते माणसाऐवजी यंत्राला वाचता यायचं.

माझ्या घरात टॅग आले ते शालनमुळे. शालन माझी बायको. तिचं विसरणं सुरू झालं तेव्हा मी तिची चेष्टा करायचो. आमटीत दोनदा मीठ पडलं की म्हणायचो, आज समुद्र शेजारी आला वाटतं. मग एक दिवस ती गॅससमोर उभी राहून मला म्हणाली, “अहो, हे कसं लावतात?” त्या दिवसापासून चेष्टा बंद झाली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, त्यावर औषध अजून निघायचं आहे हेही सांगितलं. आमची मुलगी वृंदा बंगळूरला असते. तिने तिथून एक खोकं पाठवलं. त्यात दोनशे टॅग होते आणि शालनच्या बोटात घालायला एक अंगठी.

टॅग म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढी चकती. आत तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं आणि तिळाएवढी चिप. त्याला बॅटरी नसते. अंगठी जवळ आली की तिच्याभोवतीचं बदलतं चुंबकीय क्षेत्र त्या वेटोळ्यात वीज जागी करतं, तेवढ्या विजेवर चिप आपला आकडा सांगते आणि पुन्हा गप्प होते. दोन बोटं अंतरावर ऐकू येतं, चार बोटांवर नाही. पंचाईत होते ती भांड्यांची. स्टीलवर साधा टॅग चिकटवला की तो मुका होतो, कारण पत्र्यात उलटे प्रवाह फिरायला लागतात आणि ते क्षेत्राला मारून टाकतात. म्हणून भांड्यांसाठीच्या टॅगखाली फेराइटची काळी, रबरासारखी चकती असते. ती मध्ये राहून क्षेत्राला पत्र्यापासून अलग ठेवते.

“धातू या सगळ्याला आंधळं करतो, एवढं लक्षात ठेवा, बाबा,” वृंदा फोनवर म्हणाली होती. मी ठेवलं नाही. धातूबद्दल आपल्याला कुणी शिकवावं हे मला जरा लागलंच होतं.

अंगठीने टॅग वाचला की तो आकडा घराकडे जायचा. घर म्हणजे भिंतीत बसवलेली एक पेटी, पण आम्ही तिला घरच म्हणायचो. कोणती वस्तू हाताला लागली आणि तिच्याआधी कोणती लागली होती, यावरून घर ओळखायचं की शालनला काय करायचं आहे, आणि उरलेलं काम पुरं करायचं. चहाच्या डब्याला हात लागला की बर्नर पेटायचा. कपडे धुण्याच्या मशीनच्या झाकणाला हात लागला की पाणी सुरू व्हायचं. आणि घर बोलायचं. कुणाचा आवाज ठेवू, असं वृंदाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, माझाच ठेव, ती दुसऱ्या कुणाचं ऐकायची नाही. अर्धा तास मी फोनसमोर बसून वर्तमानपत्र वाचलं आणि माझा आवाज घराला मिळाला.

पहिल्या सकाळी शालनने चहाच्या डब्याला हात लावला. “शालन, आधी पाणी ठेव. दोन कप,” घर माझ्या आवाजात म्हणालं. तिने पाणी ठेवलं. चार महिन्यांनी तिच्या हातचा चहा प्यालो, आणि मोरीत जाऊन रडलो. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला वाटलं आपण जिंकलो.

टॅग लावायला मला तीन दिवस लागले. कपाटं, कड्या, फ्रीज, चपलांचं रॅक, औषधांचा डबा, एकही वस्तू सोडली नाही. माळ्याच्या फळीपर्यंत पोचलो तेव्हा मागे एक डबा हाताला लागला. उभट, वर गोल मुठीचं झाकण. झाकणावर माझ्याच हातचं अक्षर होतं: सौ. सत्यभामा विश्वंभर मुळे.

मुळेवहिनी म्हणजे शालनची जिवाभावाची मैत्रीण. नदीपलीकडे राहायच्या. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या रोहिणीचं लग्न ठरलं तेव्हा रुखवताची सगळी भांडी माझ्याकडे आली. रोहिणीचं त्याआधी एकदा ठरून मोडलं होतं. मोडण्याआधीच वहिनींनी पहिल्या नवऱ्यामुलाच्या नावाची चिठ्ठी माझ्याकडे दिली होती, नंतर दुसऱ्याच्या नावाची दिली. मी एक्कावन्न भांड्यांवर पहिल्याचं नाव घातलं. ते लग्नाच्या मांडवात, व्याह्यांसमोर, रुखवत मांडल्यावर लोकांनी वाचलं. काय झालं असेल ते ज्याने मुलगी उजवली आहे त्याला सांगायला नको. मी मात्र अडून बसलो. मला हीच चिठ्ठी दिली होती, चूक तुमची, असं चार लोकांत म्हणालो. आणि घरी येऊन शालनला बजावलं की यापुढे त्या घराची पायरी चढायची नाही.

ती चढली नाही. पण लग्नाच्या आदल्या आठवड्यात वहिनींनी या डब्यातून अनारसे पाठवले होते, तो डबा आमच्याकडेच राहिला. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, अगदीच काही नसलं तर चमचाभर साखर घालून द्यायचा, हे शालनचं पक्कं. ती दर दिवाळीला तो डबा उतरवायची, घासायची, माझ्याकडे बघायची आणि परत वर ठेवायची. मी बघून न बघितल्यासारखं करायचो.

त्या डब्याला मी टॅग लावला नाही. दुसऱ्याच्या भांड्यावर आपली खूण करायची नाही, हा आमच्या धंद्यातला नियम. दोनशे टॅगांच्या घरात तेवढी एकच वस्तू घराला ठाऊक नसलेली राहिली.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग दर रविवारी फोनवर घराचे प्रश्न यायला लागले. ‘शालन यांनी या आठवड्यात दूध दोनदा उतू घालवलं. गॅसची परवानगी काढून घ्यावी का?’ मी हो म्हणालो. ‘शालन यांनी जेवणानंतर अर्ध्या तासात पुन्हा जेवण वाढून घेतलं. फ्रीजची परवानगी काढून घ्यावी का?’ तिला मधुमेह, मी हो म्हणालो. ‘साखर तीनदा खाल्ली.’ हो. गूळ. हो. ‘दुपारी एकट्याच बाहेर पडल्या. मुख्य दाराची परवानगी काढून घ्यावी का?’ हे तर विचारायलाच नको होतं. हो म्हणायला बोट एकदा टेकवावं लागायचं, तेवढंच. प्रत्येक ‘हो’ तिच्या भल्यासाठी होता, आणि आजही मला त्यातला एकही चुकीचा म्हणता येत नाही. हेच तर मला खातं.

परवानगी गेली की कपाटाची चुंबकी कडी उघडायची नाही आणि घर प्रेमाने सांगायचं, “शालन, आत्ता नको.” माझ्या आवाजात.

त्या बदल्यात मला माझी दुपार परत मिळाली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं मेंढीकोट खेळायला बसायचो. फोन शेजारी उताणा ठेवलेला असायचा आणि त्यावर एक हिरवा ठिपका असायचा. ठिपका हिरवा म्हणजे शालन ठीक.

तो एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. पारा त्रेचाळीसला टेकला होता. शालनला जेवायला वाढलं, तिची गोळी दिली, ती खुर्चीत पेंगायला लागली तसा साडेबाराला मी बाहेर पडलो. दार माझ्यामागे लागलं. त्या दुपारी मला पानं चांगली लागत होती. चार वाजेपर्यंत मी तीन कोट केले आणि तेवढ्या वेळात ठिपक्याकडे पाच-सहा वेळा तरी पाहिलं. हिरवा होता.

घरी आलो. “शालन,” मी हाक मारली.

“शालन स्वयंपाकघरात आहे. विश्रांती घेते आहे,” माझा आवाज भिंतीतून म्हणाला.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. स्टूल ओट्याशी ओढलेलं होतं. मी आतल्या खोलीत पाहिलं, मोरीत पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. साठीपलीकडची बाई पडद्यामागे कशाला जाईल, पण पाहिलं. तीन खोल्यांचं घर शोधायला किती वेळ लागतो? मी दोनदा शोधलं.

“शालन कुठे आहे?”

“शालन स्वयंपाकघरात आहे. विश्रांती घेते आहे.”

तिच्या चपला रॅकमध्ये होत्या. दोन्ही जोड होते.

मी गच्चीवर गेलो, खाली पार्किंगमध्ये गेलो. वॉचमन कधीच काढून टाकला होता, त्याचं काम आता फाटक करतं. शेजारचे दोन्ही फ्लॅट सुट्टीमुळे बंद. मदतीच्या नंबरवर फोन लावला तर यंत्राने उचलला. मी शालनचं नाव, वय, पत्ता सांगितला. क्षणभर थांबून यंत्र म्हणालं, “आपल्या घराच्या नोंदीनुसार त्या घरात आहेत. बेपत्ता तक्रार घेता येत नाही. कृपया घरात पुन्हा शोधावे.”

“अहो, मी घरातच उभा आहे,” मी म्हणालो. “ती नाही इथे.”

“घराची नोंद दुरुस्त करून घ्यावी व पुन्हा फोन करावा.”

मी फोनला शिव्या दिल्या. आयुष्यात गिऱ्हाइकाला कधी वेडावाकडा शब्द बोललो नाही, तो मी यंत्राला बोललो. यंत्राने धन्यवाद म्हणून फोन ठेवला.

मग मी धावत सुटलो. विठ्ठलाच्या देवळात, भाजीबाजारात, एसटी स्टँडवर. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. स्टँडवर बाकाखाली कुत्री जिभा काढून पडली होती. डांबर बुटातूनसुद्धा लागत होतं, आणि तिच्या चपला घरात होत्या. रसवंतीवाल्याला विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं. कुणी पाहिली नव्हती. एक जण म्हणाला, “काका, सावलीत बसा आधी, तुम्हीच पडाल.” मला एकच दिसत होतं, कुठल्या तरी भिंतीच्या कडेला ती पडली आहे आणि लोक लांबून बघताहेत. या उन्हात तिच्या वयाच्या माणसाला तास-दीड तास पुरतो. मला ती कधी गेली हेही माहीत नव्हतं.

पाच वाजून गेले तेव्हा वृंदाचा फोन लागला. ती मीटिंगमध्ये होती. मी काय बोललो मला आठवत नाही. तिने लॅपटॉप उघडला आणि घराची नोंद वाचायला लागली.

“बाबा, घरी जा. मी सांगते ते तिथे उभं राहून ऐका.”

मी स्वयंपाकघरात येऊन उभा राहिलो.

“बारा एकेचाळीस. साखरेचं कपाट. नाही. बारा एकेचाळीस, साखरेचं कपाट. नाही. बारा बेचाळीस, साखर. नाही.” ती थांबली. “बाबा, अकरा वेळा आहे हे.”

“पुढे?”

“गुळाचं कपाट. नाही. रवा. नाही. शेंगदाणे. नाही. फ्रीज, चार वेळा. नाही. बारा अठ्ठावन्नला अंगठी गप्प झाली. घराने त्याला विश्रांती धरलं. आई रोज एकला झोपते ना, म्हणून. आणि एक दहाला दार उघडलं. पाहुणा बाहेर गेला.”

“कोण पाहुणा?”

“घर पाहुणे मोजत नाही, बाबा. ज्याच्या हातात अंगठी नाही तो पाहुणा, त्याला आतून दार उघडतं.” मग ती अगदी हळू म्हणाली, “पण आत कुणीच आलेलं नाही आज.”

अकरा वेळा. मी त्या कपाटासमोर उभा होतो. अकरा वेळा तिने साखर मागितली आणि अकरा वेळा मी नको म्हणालो. मी तिथे नव्हतो, हुकमाचा एक्का धरून बसलो होतो, पण नको म्हणणारा मीच होतो.

खायला हवी असती तर तिने एकदा मागून सोडून दिली असती. तिचं भान पाच मिनिटं टिकत नाही. साखर, गूळ, रवा, दाणे, जे मिळेल ते. ही मागण्याची तऱ्हा मला ओळखीची वाटली. मी वर पाहिलं. स्टूल बरोबर माळ्याच्या फळीखाली होतं. फळीवर धूळ होती आणि धुळीत बशीएवढा स्वच्छ गोल होता.

“बाबा? काय झालं?”

“मुळेवहिनींचा डबा,” मी म्हणालो. “ती डबा द्यायला गेली.”

“पण अंगठी? अंगठी शोधायला लावली मी, उत्तरच देत नाही. घरात असती तर दिली असती.”

धातू आंधळं करतो. तेव्हा कुठे ते माझ्या डोक्यात शिरलं. डबा रिकामा द्यायचा नाही. घरात काही मिळेना. मग तिच्या अंगावर देण्यासारखं जे होतं ते तिने त्यात घातलं आणि झाकण घट्ट लावलं. चारही बाजूंनी स्टील. अंगठीचा आवाज बाहेर यायला फट उरली नाही. हातात अंगठी असती तर दाराने तिला ओळखलं असतं आणि अडवलं असतं. दाराला दिसली ती डबा घेऊन निघालेली एक पाहुणी. आमच्या घराने तिला अदबीने वाट करून दिली.

वृंदा फोनवर रडत होती. मी रिक्षा मिळवली.

पूल ओलांडताना मी कठड्याच्या दोन्ही बाजूंना पाहत होतो. गोदावरीत पाणी नव्हतं, नुसती वाळू चमकत होती. दोन मैलांचं अंतर, पुलावर कुठे सावली नाही, आणि ती अनवाणी. आणि पोचली तरी पुढे काय? बावीस वर्षांत पलीकडच्या गल्ल्या ओळखू येईनाशा झाल्या आहेत. मुळे तिथेच राहतात का, वहिनी आहेत की गेल्या, मला काही माहीत नव्हतं. मीच माहीत करून घेतलं नव्हतं. पत्ता विचारायला पानाच्या टपरीवर उतरलो तर ‘मुळे’ म्हणताना माझी जीभ अडखळली.

घर तिथेच होतं. दार उघडंच होतं. दारात मुळेवहिनी उभ्या होत्या, पाठीत वाकलेल्या, केस पांढरेशुभ्र. त्यांनी मला ओळखायला वेळ लावला नाही.

“या,” त्या म्हणाल्या. “आहे. जिवंत आहे.”

मी उंबऱ्यावरच बसलो.

आत खाटेवर शालन ओल्या चादरीत गुंडाळलेली होती. चेहरा तापलेल्या तव्यासारखा लाल. पायाच्या तळव्यांवर फोड आले होते, काही फुटले होते. वहिनींनी तिच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवलं होतं आणि पुठ्ठ्याने वारा घालणं चालू होतं.

“तीनच्या पुढे आली. गल्लीत किती फिरली देव जाणे. दारात उभी राहून म्हणाली, वहिनी, डबा द्यायला उशीर झाला. आणि खालीच बसली. पलीकडचे डॉक्टर येऊन बघून गेले. सलाईन लावायला हवं म्हणाले. दवाखान्याची गाडी बोलावली आहे, येतेच आहे.”

“वहिनी, मला कळवायचं तरी…”

“कुठे कळवू, भाऊ?” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुमच्या दुकानाचा नंबर पाठ होता, तो लावला. तो बंद. तुम्ही नवीन जागेत गेलात एवढं ऐकून होते. कुठे ते आम्हाला कोण सांगणार? पोलिसांच्या यंत्राला विचारलं तर ते म्हणतं, या नावाची बाई तिच्या घरी आहे.”

कोनाड्यात डबा होता. झाकण लावलेलाच होता. त्यात अंगठी होती आणि अंगठीत माझा नंबर होता. कुठल्याही फोनला टेकवली असती तरी उमटला असता.

“डबा उघडला नाहीत?”

“पाहुण्यासमोर उघडून बघायचा? काय दिलंय म्हणून?” वहिनींना माझा प्रश्नच विचित्र वाटला. “ती गेल्यावर उघडला असता.”

मी उठून झाकण काढलं. तळाशी अंगठी होती. त्याच क्षणी माझ्या खिशातला फोन थरथरला. ठिपका लाल झाला होता. ‘शालन घरात नाही. कृपया तातडीने लक्ष द्यावे.’ सहाला दहा कमी होते.

मी तो डबा हातात धरून तिथेच उभा राहिलो. झाकणावरचं माझं अक्षर बावीस वर्षांत जरासुद्धा पुसलं नव्हतं. मग जे कधी बोललो नव्हतो ते बोललो. “वहिनी, दुसरी चिठ्ठी तुम्ही दिली होती. माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मला ती त्याच संध्याकाळी सापडली. मी फाडून टाकली.”

वहिनींनी वारा घालणं थांबवलं नाही. “आम्हाला माहीत होतं ते,” त्या म्हणाल्या. “शालनने पाहिलं होतं तुम्हाला फाडताना. तिनेच निरोप धाडला होता. वर म्हणाली, त्यांना वाईट वाटेल, बोलून दाखवू नका.”

मला तोंड लपवायला जागा नव्हती. बावीस वर्षं ती डबा घासायची आणि माझ्याकडे बघायची, ते बघणं काय होतं ते मला त्या खाटेशेजारी कळलं.

बाहेर गाडीचा आवाज आला तेव्हा शालनने डोळे उघडले. आधी वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला, परक्या माणसापासून सोडवतात तसा.

“वहिनी, हे कोण?”

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मला नाव सांगता येईना. “मी भांड्यांवर नावं घालतो,” मी म्हणालो.

“हं,” ती म्हणाली. मग तिने मला जवळ यायची खूण केली. तिचा श्वास कढत लागत होता. “मी इथे आले होते, आमच्या ह्यांना सांगू नका.”

दवाखान्यात सहा दिवस गेले. शालन वाचली. तळव्यांना नवी कातडी यायला दोन महिने लागले. पण ऊन तिच्या डोक्यातून काही तरी कायमचं घेऊन गेलं. त्या दिवसापासून मी तिचा नवरा राहिलो नाही. मी घरातला एक बरा माणूस आहे, चहा करून देतो, वेणी घालून देतो. सुरुवातीला मी तिला सांगून पाहिलं की तुझे ‘हे’ ते मीच. ती घाबरून भिंतीकडे पाहायला लागली. त्या दुपारी मी वृंदाला सांगून घराचा आवाज बंद करवला आणि सुरीने एकेक टॅग खरवडून काढला. एकशे त्र्याण्णव निघाले. आता गॅस मीच लावतो आणि मीच बंद करतो. मेंढीकोट सुटला. दारापाशी मी खुर्ची टाकून बसतो आणि डोळा लागू नये म्हणून जुन्या ताटांवर नावं घालत राहतो. तिचं नाव घालतो, दुसरं कुणाचं सुचत नाही.

आणि दर गुरुवारी ऊन उतरलं की आम्ही नदीपलीकडे जातो. तो डबा आता दोन्ही घरांत फिरत असतो. वहिनींकडून येताना त्यात चकल्या असतात नाही तर करंज्या. आमच्याकडून जाताना शालन स्वतः कपाट उघडते, साखरेत चमचा घालते, डब्यात साखर टाकते आणि बोट चाटते. मी नको म्हणत नाही.

परवाच्या गुरुवारी रिक्षात ती डबा मांडीवर घेऊन बसली होती. पुलावर आलो तशी तिने माझ्या बाहीला हात लावला.

“तुम्ही चांगले आहात,” ती म्हणाली. “पण आमच्या ह्यांना सांगू नका हं.”

“फार कडक आहेत का?”

तिने विचार केला. “नाही हो. मनाने चांगले आहेत. पण नको म्हणतात. सारखं आपलं नको, नको.”

“नाही सांगणार,” मी म्हणालो, आणि रिक्षा खड्ड्यातून जाताना डब्याचं झाकण धरून ठेवलं.